माल्टाचे डब्यांचे पेन: भिंती होत्या, तरी एप्रिल १९४२ मध्ये स्पिटफायर जमिनीवरच का गेली?

दुसरं महायुद्ध चालू होतं. २० एप्रिल १९४२ ला सकाळी माल्टावर ४६ स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिशांची लढाऊ विमानं, उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातली उडण्याजोगी होती २७, आणि संध्याकाळपर्यंत १७. पुढच्या एक-दोन दिवसांत ती बॅच जवळपास संपलीच म्हणा.

मग ९ मे ला परत ६० स्पिटफायर उतरली. तेच बेट, तेच तीन विमानतळ, समोर तोच शत्रू, आणि विमानं ज्यांच्या आड ठेवायची त्या भिंती पण बहुतेक त्याच. यावेळी विमानं टिकली, नुसती टिकली नाहीत तर दुसऱ्या दिवशी लढाईचं पारडंच फिरवलं.

मधे गेले १९ दिवस. या १९ दिवसांत नक्की काय बदललं यावरच हे प्रकरण आहे. ब्लास्ट पेनबद्दल, म्हणजे बॉम्बपासून विमान वाचवायच्या तीन भिंतींच्या आडोशाबद्दल, वाचायला गेलं की सगळे भिंतीची जाडी, उंची, आकार यावरच बोलतात, मी पण बरीच वर्षं तेच करत होतो, आणि माल्टाचं प्रकरण नीट बघितल्यावर मला माझंच मत बदलावं लागलं. वैमानिक, क्रू वगैरेंची नावं इथं घेत नाही, त्यांची गरज पण नाही.

पार्श्वभूमी

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, सिसिलीपासून साधारण १०० किलोमीटरवर. ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि इटलीहून उत्तर आफ्रिकेत जाणारी जर्मन-इटालियन रसद तिथूनच कापली जायची, त्यामुळे ते बेट शत्रूच्या डोळ्यात खुपत होतं. डिसेंबर १९४१ पासून जर्मन हवाई दलाचा दुसरा फ्लिगरकोर, म्हणजे विमानांची एक मोठी फौज, सिसिलीत आला आणि हल्ले वाढत गेले. एकट्या एप्रिल १९४२ मध्ये बेटावर साधारण ६,७०० टन बॉम्ब पडले. त्याच महिन्यात, १५ एप्रिलला, अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा मोठा सन्मान दिला गेला, म्हणजे परिस्थिती काय असेल बघा.

विमानतळ मुख्य तीन: लुका, हाल फार आणि ता' काली. लुका आणि हाल फारच्या मधे साफी नावाची पट्टी, विमानं पांगवून ठेवायला. सिसिलीहून बॉम्बर निघाला की वीस-पंचवीस मिनिटांत डोक्यावर. रडार होतं, त्यामुळे शत्रू सिसिलीवर उंची घेताना दिसायचा, पण जमिनीवरच्या माणसाच्या हातात वेळ तेवढाच. ही वीस-पंचवीस मिनिटं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

पहिली स्पिटफायर माल्टावर आली ७ मार्चला, ईगल या विमानवाहू जहाजावरून, फक्त १५. त्याआधी हरिकेन या जुन्या फायटरवरच (लढाऊ विमानावरच) भागवत होते. एप्रिल उजाडेपर्यंत उडण्याजोग्या फायटरची संख्या कधीकधी बोटांवर मोजण्याइतकी व्हायची.

पेन म्हणजे नक्की काय

पेन म्हणजे लिहायचं पेन नव्हे हो, हे पहिल्यांदाच सांगतो कारण मला स्वतःला एकदा हा प्रश्न विचारला गेलाय. इंग्रजीत गुरं-मेंढरं कोंडायच्या आवाराला पेन म्हणतात, आपल्याकडे कोंडवाडा म्हणू. तीन बाजूंनी भिंत, एक बाजू उघडी, वर आभाळ. विमान आत ढकलायचं आणि झालं.

बघणाऱ्याला वाटतं की वर छप्परच नाही तर उपयोग काय. उपयोग असा, की विमानतळावर पडणाऱ्या बॉम्बपैकी थेट विमानावर पडणारा बॉम्ब विरळा. आजूबाजूला पडणारेच जास्त. बॉम्ब जमिनीवर फुटला की त्याच्या पत्र्याचे तुकडे आणि उडालेले दगड बरेचसे जमिनीलगत आडवे सुटतात, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या पातळ पत्र्याच्या विमानाला निकामी करायला एक तुकडा पुरतो, रेडिएटरला एक भोक पडलं तरी त्या दिवसापुरतं ते विमान संपलं. विमानापेक्षा उंच आणि पुरेशी जाड भिंत हे आडवे तुकडे खाऊन टाकते. हवेचा धक्का भिंतीवरून पुढे जातो पण तोवर त्याचा जोर कमी झालेला असतो. दुसरा फायदा आगीचा. एका पेनमधलं विमान पेटलं तर शेजारचं पेटत नाही. आणि तिसरा, पेन एकमेकांपासून लांब आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बांधले की एका विमानातून ओळीनं पडलेल्या बॉम्बच्या माळेत दोन-तीन विमानं एकदम सापडत नाहीत.

खुद्द इंग्लंडमध्ये फायटर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाच्या, विमानतळांवर जो नमुना होता तो वरून पाहिला तर इंग्रजी ई अक्षरासारखा दिसतो. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक फायटर, मातीचे ढिगारे, आतून विटांचा किंवा काँक्रीटचा आधार, आणि मागच्या पाठीत क्रूसाठी छोटा शेल्टर. लंडनजवळच्या केन्लीला असे पेन अजून उभे आहेत. मला तो नमुना फार आवडतो, खासकरून माणसांची सोय त्याच बांधकामात केलीय म्हणून.

अडचण

पण हे डिझाइन माल्टावर जसंच्या तसं चालणारं नव्हतं. मातीचा ढिगारा करायचा तर माती पाहिजे, आणि माल्टावर माती म्हणजे खडकावरचा पातळ थर, तोही लोकांच्या शेतीचा. लाकूड नाही. सिमेंट आणि सळई जहाजातून आणायची, आणि जहाजं तर वाटेतच बुडत होती, जी पोचायची त्यात धान्य, इंधन आणि दारूगोळा आधी. मोठी यंत्रसामग्री मोजकी, आणि तिला रोजचे रनवेवरचे खड्डे बुजवण्यातूनच सवड नाही.

आणि वेळ नाही. पेन बांधायचे तेही हल्ले चालू असताना.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तो जमिनीखालचा. माल्टाचा चुनखडक मऊ आहे, करवतीनं कापता येतो, लोकांसाठी बोगद्यातले निवारे खोदलेच होते. पण माणूस आणि विमान यात फरक आहे. स्पिटफायरचे पंख साधारण ११ मीटर, म्हणजे १२ मीटरच्या वर रुंद तोंडाची गुहा, वर खडकाचं छत टिकलं पाहिजे, आणि बाहेर पडायला उतार. गंमत म्हणजे जर्मनांना हवाई फोटो बघून वाटलं होतं की ता' कालीला असा भुयारी हँगर आहेच, आणि मार्च १९४२ मधल्या ता' कालीवरच्या मोठ्या हल्ल्यात त्यांनी त्याच्यासाठी रॉकेट लावलेले, खोल घुसणारे बॉम्ब वापरले. जो हँगर विमानांना कधीच मिळाला नाही त्याच्यावर खास बॉम्ब खर्च झाले!

दुसरा पर्याय काँक्रीटचं छप्पर. ढोबळमानानं २५० किलोचा बॉम्ब थेट अंगावर घ्यायचा तर मीटरभर तरी सळईचं काँक्रीट पाहिजे, तेही १२ मीटरचा गाळा ओलांडून. एका विमानासाठी. १९४२ च्या माल्टात हे बोलण्यात अर्थच नव्हता. असली टोपीवाली शेल्टरं जगभर सर्रास दिसायला लागली ती पुढे बऱ्याच वर्षांनी, ५ जून १९६७ ला इस्रायलच्या हल्ल्यात इजिप्तची विमानं उघड्यावर उभी असतानाच मारली गेली त्यानंतर.

तिसरा, दगडी भिंत. दगड भरपूर, गवंडी उत्तम, आणि बॉम्बनं पडलेल्या घरांचे चिरे तर रस्तोरस्ती. हा पर्याय वापरला गेलाच. पण कोरड्या दगडी भिंतीचा एक दोष आहे, बॉम्ब अगदी जवळ पडला तर तीच भिंत फुटून तिचे चिरे आतल्या विमानावर येतात. म्हणजे संरक्षण करणारीच मारणारी होते.

चौथा, वाळूच्या गोण्या. काम झकास करतात पण गोण्या बाहेरून आणायच्या, आणि उन्हापावसात त्या कुजतात.

पाचवा पर्याय, भिंतीच बांधायच्या नाहीत, नुसती विमानं लांब लांब पांगवायची. साफी पट्टी त्यासाठीच होती. पण बेट केवढं, पांगवून पांगवून किती पांगवणार, आणि जितकं लांब तितकं विमान ढकलत आणायला वेळ जास्त.

आणि सहावा, पेट्रोलचे रिकामे डबे.

डबे

ब्रिटिश सैन्याचं पेट्रोल तेव्हा चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं. चार इंपीरियल गॅलन म्हणजे १८ लिटर, आपल्याकडच्या जुन्या लोकांना रॉकेलचा चौकोनी डबा आठवत असेल, तसलाच. हे डबे इतके तकलादू की वाटेतच गळायचे, सैनिक त्यांना शिव्या घालायचे. पण रिकामे झाल्यावर माती, दगडाचा चुरा, ढिगाऱ्यातली खडी जे मिळेल ते भरायचं आणि विटेसारखे एकावर एक रचायचे.

हे मला या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर डिझाइन वाटतं आणि ते कुठल्या ड्रॉइंग ऑफिसातून आलेलं नाही. बघा ना, साचा फुकट, कारण पेट्रोल आलं की डबा येणारच. एक भरलेला डबा साधारण २५ किलोचा होतो, म्हणजे एक माणूस उचलू शकतो, क्रेन नको. बॉम्बचा तुकडा घुसला तर डब्याला भोक पडून माती तिथंच सांडते, चिऱ्यासारखी उडत नाही. भिंतीला भगदाड पडलं तर रात्रीतून शंभर-दोनशे डबे रचून बुजवता येतं, आणि त्यासाठी गवंडी लागत नाही, कुणीही सैनिक चालतो. पत्रा गंजणार, हो गंजणार, पण भिंत पन्नास वर्षं टिकवायची नव्हतीच.

मी उगाच एक हिशोब करून बघितला, हा माझा कागदावरचा अंदाज आहे, कुठल्या नकाशातला नाही. फायटरच्या एका पेनला तीन बाजू १२-१२ मीटरच्या, म्हणजे ३६ मीटर भिंत. उंची साडेतीन मीटर. खाली तीन मीटर जाड आणि वर निमुळती होत एक मीटर, सरासरी दोन धरू. झाले २५० घनमीटर. एका डब्याला फटींसकट २० लिटर जागा धरली तर १२ हजारांच्या वर डबे आणि तीनशे टनांच्या वर वजन. एका विमानाला! एका माणसानं पाच मिनिटाला एक डबा भरून रचला तरी दिवसाला शंभर, म्हणजे ४० माणसं तीन दिवस. बॉम्बरच्या पेनला तर याच्या कितीतरी पट.

निर्णय पहिला: बांधणार कोण

इथं पहिला खरा निर्णय येतो, आणि तो इंजिनिअरिंगचा नाहीये. हवाई दलाकडे एवढी माणसं नव्हती. पायदळाकडे होती, पण ती किनाऱ्याच्या संरक्षणासाठी, उद्या शत्रू छत्रीधारी सैनिक उतरवेल या भीतीनं राखून ठेवलेली. बेटाचे हवाई दलप्रमुख ह्यू लॉइड १९४१ च्या मध्यापासून तिथं होते आणि पेनसाठी त्यांचा हट्ट होता. शेवटी पायदळाच्या बटालियन कामाला लागल्या, हवाई दलाची माणसं आणि माल्टाचे नागरिक बरोबर. सैनिक डबे भरतायत, रचतायत, रात्री रनवेवरचे खड्डे बुजवतायत, असं महिनोन्महिने. पुढे पेनची संख्या शेकड्यांत गेली.

माझ्या मते हा निर्णय बरोबर होता पण अर्धाच होता. सैनिकांना भिंत बांधायला आणलं, पण भिंतीच्या आत जे चालतं, तेल भरणं, गोळ्या भरणं, विमान ढकलणं, त्यातही त्यांना तितकंच पक्कं गुंतवायला पाहिजे होतं. ते पूर्णपणे जमलं मे मध्ये.

२० एप्रिलला काय झालं

अमेरिकेनं आपलं वास्प हे विमानवाहू जहाज उसनं दिलं. १४ एप्रिलला ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडमधून निघालं आणि २० तारखेला पहाटे पश्चिम भूमध्य समुद्रातून ४७ स्पिटफायर उडाली. तीन तासांहून जास्त उड्डाण करून ४६ पोचली. शत्रूला कळलं होतंच, आणि साधारण दीड तासात पहिली लाट आली. मग दुसरी, मग तिसरी.

दीड तास म्हणजे खूप वेळ आहे असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण आलेल्या विमानांच्या तोफा मळलेल्या, नीट जुळवून न घेतलेल्या, कित्येकांचे रेडिओ बिघडलेले. वैमानिकांमधे बरेच नवखे, प्रत्यक्ष लढाईचा अनुभवच नाही. त्यामुळे विमान उतरलं की त्याला परत हवेत पाठवण्याजोगं करायला मिनिटं नाही, तास लागत होते. तेल भरायच्या टँकर गाड्या बॉम्बहल्ल्यात बऱ्याचशा गेलेल्या, त्यामुळे तेल हातानं, चार गॅलनच्या डब्यातून. स्पिटफायरची मुख्य टाकी ८५ गॅलनची, म्हणजे विमानामागे २१ डबे उचलून, फनेल लावून, गाळून ओतायचे.

आता पेनच्या डिझाइनकडे या नजरेनं बघा. पेन तुकड्यांपासून वाचवतो, पण तो शंभर टक्के वाचवत नाही, थेट बॉम्ब पडला तर काहीच नाही, उघड्या तोंडासमोर पडला तर थोडंफारच, वरून कोसळणारे दगड तर सरळ आतच येतात. म्हणजे प्रत्येक हल्ल्यात पेनमधल्या विमानाला थोडा धोका आहेच, उघड्यावरच्या विमानापेक्षा खूप कमी, पण शून्य नाही. एक हल्ला असेल तर हा थोडा धोका परवडतो. पण विमान दिवसभर पेनमध्येच बसून राहिलं आणि त्या दिवसात पाच-सहा हल्ले झाले, आणि प्रत्येक हल्ल्यात बॉम्बरना अडवायला वर जवळजवळ कुणीच नाही त्यामुळे ते निवांत नेम धरून टाकतायत, तर तो थोडा थोडा धोका साचत जातो. भिंत आहे तेवढीच आहे. घड्याळ मात्र शत्रूच्या बाजूनं चाललंय.

४६ चे २७ आणि २७ चे १७, हा उतार असाच आला. भिंती कमी जाड होत्या म्हणून नाही. विमानं जिथं असायला पाहिजे होती, म्हणजे आकाशात, तिथं ती वेळेत पोचलीच नाहीत. पेन हे थांबायचं ठिकाण झालं.

इथं एक प्रामाणिक कबुली. मी आधी एका ठिकाणी लिहिलं होतं की एप्रिलमध्ये पेनचं डिझाइन फसलं. ते चूक होतं. पेन नसते तर १७ पण उरली नसती.

निर्णय दुसरा: परत तेच करायचं का

चर्चिलनी रूझवेल्टकडे वास्प परत एकदा मागितलं आणि मिळालं. पण मधल्या दिवसांत माल्टावर प्रश्न हा होता की परत ६० विमानं आणून परत जमिनीवरच घालवायची का. काय काय करता आलं असतं? पेन अजून जाड करता आले असते, त्याला माणसं आणि वेळ लागणार. विमानं संध्याकाळी उशिरा उतरवता आली असती म्हणजे अंधारात हल्ले कमी, पण नवख्या वैमानिकाला खड्ड्यांनी भरलेल्या अनोळखी विमानतळावर संधिप्रकाशात उतरवणं म्हणजे आपणच आपली विमानं फोडणं. थोडी थोडी करून आणता आली असती, ईगलवरून तसंच चाललं होतं, पण १५ आणायची आणि १५ गमवायची हा खेळ मार्चपासून बघून झाला होता.

जे ठरलं ते भिंतीला हात न लावणारं होतं. ठरलं की पेन बदलायचा नाही, पेनमध्ये काय घडतं ते बदलायचं.

९ मे ची तयारी

प्रत्येक येणाऱ्या विमानाला नंबर, आणि त्या नंबरला आधीच ठरवलेला पेन. विमान उतरलं की पट्टीच्या कडेला माणूस उभा, तो वैमानिकाला थेट त्याच्या पेनपर्यंत वाट दाखवत नेणार, म्हणजे कुठे जाऊ कुठे नको यात एक मिनिट जायला नको. पेनमध्ये तेल, गोळ्या सगळं आधीच आणून ठेवलेलं. ग्राउंड क्रूबरोबर सैनिक, डबे साखळीनं पुढे देणारे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माल्टावर मुरलेला एक वैमानिक त्याच पेनमध्ये वाट बघत उभा. नवा वैमानिक खाली उतरणार, जुना चढणार, विमान परत वर. जहाजावरच तोफा वगैरे नीट करून घेण्याकडे यावेळी लक्ष दिलं गेलं.

लक्ष्य होतं साधारण १५ मिनिटांचं. काही विमानं तर दहा मिनिटांच्या आत परत उडाली. आधीची जी थोडी फायटर शिल्लक होती ती उतरणाऱ्यांच्या डोक्यावर पहारा द्यायला वर ठेवली.

त्या वीस-पंचवीस मिनिटांची आठवण ठेवा म्हटलं होतं ना? शत्रू सिसिलीवर दिसल्यापासून डोक्यावर यायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि विमान तयार व्हायला पंधरा. एप्रिलमध्ये हे गणित जमतच नव्हतं. आता जमलं.

निकाल

वास्प आणि ईगल मिळून ६४ स्पिटफायर निघाली, ६० पोचली. जर्मन आले तेव्हा त्यांना खाली उभी विमानं मिळायच्या ऐवजी वर चढलेली विमानं मिळाली. दुसऱ्या दिवशी, १० मे ला, वेल्शमन हे जलद जहाज दारूगोळा आणि धुराचा पडदा करायचं सामान घेऊन बंदरात शिरलं, वाटेत फ्रेंच विनाशिकेचं सोंग घेऊन आलेलं. बंदरावर मोठे हल्ले झाले, वर स्पिटफायर मोठ्या संख्येनं होती, हल्लेखोरांचं जबर नुकसान झालं. दोन्ही बाजूंनी सांगितलेले पाडापाडीचे आकडे फुगवलेले आहेत म्हणून ते इथं देत नाही. पण त्या दिवसानंतर माल्टावर दिवसाढवळ्या निवांत येऊन बॉम्ब टाकायचे दिवस गेले हे खरं.

आता सगळं श्रेय पंधरा मिनिटांना देणं पण बरोबर नाही. एप्रिलच्या शेवटी जर्मनांनी सिसिलीतून बरीच विमानं दुसरीकडे हलवायला सुरुवात केली होती, कारण त्यांना वाटलं माल्टा संपलं. वेल्शमनचा दारूगोळा आला त्यामुळे विमानविरोधी तोफा मोकळ्या हातानं चालल्या. ७ मे ला लॉर्ड गॉर्ट नवे गव्हर्नर म्हणून आले, त्याचाही थोडा भाग असेल. पण ही सगळी कारणं जमेला धरूनही, ९ मे ला दुपारी जी विमानं आकाशात होती ती एप्रिलच्या पद्धतीनं त्या वेळी खाली पेनमध्ये उभी असती, आणि ही गोष्ट कुठल्याच दुसऱ्या कारणानं भरून निघत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक मी एप्रिलच्या स्वागताला म्हणेन. मार्चमध्ये १५ विमानं आली तेव्हाच कळायला हवं होतं की उतरण्यापासून परत उडण्यापर्यंतचा वेळ हाच कळीचा आहे. १५ विमानांवर जी रंगीत तालीम करता आली असती ती ४६ विमानं घालवून झाली. अर्थात आज आरामात बसून हे बोलणं सोपं आहे, तिथं रोज बॉम्ब पडत होते, माणसं अर्धपोटी होती.

दुसरं, क्रूचा निवारा. इंग्लंडच्या ई आकाराच्या पेनमध्ये माणसांची जागा बांधकामातच होती. डब्यांच्या पेनला शेजारी चर खणून भागवलं जायचं, आणि खडकात चर खणणं सोपं नाही त्यामुळे तो कधी उथळ तर कधी लांब. हल्ला आला की क्रू पळत चराकडे, संपला की पळत परत. प्रत्येक वेळी काही मिनिटं जातात. पाठीच्या भिंतीतच डब्यांचा एक कोनाडा सोडला असता, वर दोन रूळ आणि परत डबे, तर तीच मिनिटं वाचली असती. जड काही लागलं नसतं त्याला.

तिसऱ्या मुद्द्यावर माझं अजून पक्कं होत नाही. तेल आणि गोळ्या पेनमध्येच आणून ठेवणं हा मे चा मोठा फायदा, पण पेनचं मूळ तत्त्वच आहे की आग एका ठिकाणी कोंडायची, आणि आपण तर त्याच कोंडवाड्यात पेट्रोलचे डबे रचतोय. थेट एक तुकडा त्या डब्यांत गेला तर विमान, क्रू, सगळंच गेलं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला छोटा वेगळा कप्पा केला असता तर? पण मग २१ डबे भिंतीला वळसा घालून आणायचे, म्हणजे परत मिनिटं. माझा कल आत ठेवण्याकडेच आहे, फक्त उघड्या तोंडापासून लांब, कोपऱ्यात.

जुलैमध्ये लॉइडच्या जागी कीथ पार्क हवाई दलप्रमुख म्हणून आले आणि २५ जुलैला त्यांनी शत्रूला बेटाच्या उत्तरेला समुद्रावरच गाठायची योजना लागू केली. त्यासाठी विमानं इशारा मिळाल्यावर दोन-तीन मिनिटांत हवेत पाहिजे होती, आणि ती जाऊ शकली कारण पेनमधली माणसं मे पासून तसंच काम करायला शिकली होती. डब्यांच्या भिंती रोजच्या रोज दुरुस्त होतच होत्या, फक्त आता दुरुस्तीला डबे कमी लागायचे.